बांध, माप आणि मजुरी

विश्वासू कारभारी कोणाला म्हणायचं, असा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःच विचारतो आणि उत्तर धान्याच्या कोठारापाशी देतो. धनी परगावी गेला आहे. कोठाराची किल्ली एकाच्या हाती आहे. घरातल्या चाकरांना त्यांचा शिधा वेळच्या वेळी मिळाला, तर किल्लीवाला विश्वासू. धनी यायला अवकाश आहे असं म्हणून त्यानं चाकरांना मारझोड केली आणि स्वतः खाऊनपिऊन झिंगला, तर अविश्वासू. तो प्रार्थनेला किती वेळा बसला, याची चौकशी त्या दाखल्यात कोणी करत नाही.

अहिल्यानगर, जालना, बीडकडच्या गावोगावच्या मंडळ्यांत विश्वासूपणावर उपदेश पुष्कळ होतात. ऐकणाऱ्यांत कोणी खुरपणीला जाणारी, कोणी सालानं राहिलेला, कोणी दोन म्हशींचं दूध डेअरीला घालणारा, कोणी ऊसतोडीहून नुकताच परतलेला. उपदेश मात्र बहुधा रविवारची हजेरी, दशांश आणि उपवास एवढ्यावरच संपतो. ज्यांच्या हातून शास्त्र लिहिलं गेलं त्यांच्यात मेंढपाळ होते, उंबराची झाडं राखणारा आमोस होता. त्यांनी देवाच्या नावानं जे नियम सांगितले, ते शीव, वजन, मजुरी, बैल, विहीर यांविषयीचे आहेत. सोमवार ते शनिवार हाताखालून जाणाऱ्या कामात ते कसे पाळायचे, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

आधी बांध, कारण गावातली जुनी वैरं बहुतेक तिथंच उगवलेली असतात. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्याची शीव सरकवू नये असा हुकूम आहे. पुढे सत्ताविसाव्या अध्यायात सगळ्या लोकांनी उभं राहून आमेन म्हणायचे शाप दिले आहेत. त्यात पहिला मूर्ती घडवणाऱ्याला, दुसरा आईबापांचा अपमान करणाऱ्याला, आणि लगेच तिसरा शीव सरकवणाऱ्याला. त्या यादीत खून पुष्कळ खाली येतो. हा क्रम उपदेशात कधी ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

आज कोणी रात्रीतून दगड उचलून पलीकडे ठेवत नाही. बांध कोरला जातो तो नांगरटीला, दर साली वीतभर. ट्रॅक्टर भाड्याचा, चालवणारा परगावचा, मालक घरी चहा पीत बसलेला. विचारलं की उत्तर तयार असतं: ड्रायव्हरला काय कळतंय. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. नांगरट असेल त्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहा आणि फाळ कुठं वळवायचा ते ड्रायव्हरला दाखवा. शेजाऱ्याशी आधीच वाद असेल तर त्याला सांगून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. मोजणीच्या दिवशी दोघं हजर राहा आणि हद्दीच्या खुणा दोघांच्या खर्चानं पक्क्या करा. मोजणीत जमीन आपल्याकडे सरकलेली निघाली तर ती वडिलांच्या वेळची गोष्ट आहे, असं सांगून हात झटकू नका. वडिलांनी कोरलेल्या पट्ट्यातलं पीक तुमच्याच घरात येत असतं.

त्याहून मोठा बांध सात-बाऱ्यावर कोरला जातो. अनाथांच्या शेतात शिरू नये, असं नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात बजावलं आहे. त्यांचा कैवार घेणारा समर्थ आहे, असंही तिथं म्हटलंय. आपल्याकडे ते शेत बहुतेकदा विधवा भावजयीचं किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं असतं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या विधवेला एकतृतीयांश आणि उरलेलं दोनतृतीयांश मुलामुलींना सारखं, मुलगा आणि मुलगी असा भेद न करता. तरी वारसनोंदीच्या वेळी बहिणीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो आणि पुढच्या रविवारी तोच भाऊ मंडळीत वाचनाला उभा राहतो. बहीण राजीखुशीनं हक्क सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण आधी तिचं नाव लागू द्या, तिचा हिस्सा किती हे तिला कागदावर दाखवा, आणि सोडायचं की नाही ते तिला माहेरच्या अंगणाबाहेर, तिच्या घरी बसून ठरवू द्या. नाबोथाचा द्राक्षमळा बळकवायला अहाब राजाच्या राणीला खोटे साक्षीदार उभे करावे लागले होते. आपल्याला एवढी यातायात पडत नाही, भाऊबीज पुरते.

आता चाकरी. पूर्वापार गुढीपाडव्याला सालगड्यांची सालं ठरतात: रोख किती, धान्य किती, कपडे, चपला, सुट्या. या व्यवहारात जन्म घालवलेल्या माणसाला उत्पत्तीचा एकतिसावा अध्याय वाचून दाखवला तर तो कोणाच्या स्पष्टीकरणाशिवाय समजेल, कारण याकोब लाबानाकडे वीस सालं गडी होता. चौदा दोन मुलींसाठी, सहा मेंढरांसाठी. दिवसा उन्हानं होरपळला, रात्री थंडीनं गारठला, डोळ्याला डोळा लागला नाही. मजुरी दहादा बदलली गेली. लांडग्यानं फाडलेलं मेंढरू त्यानं धन्याच्या नावावर टाकलं नाही, तोटा स्वतः सोसला.

हा तोटा त्यानं सोसायला हवा होता का? पुढे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात नियम येतो तो वेगळाच आहे. राखायला दिलेलं जनावर हिंस्र पशूनं फाडलं, तर राखणाऱ्यानं उरलेला भाग पुरावा म्हणून आणून दाखवावा, भरपाई त्याच्याकडून घेऊ नये. राखणाऱ्याकडून चोरीला गेलं तर मात्र त्यानं भरून द्यावं. राखणदाराच्या अंगावर किती जोखीम टाकायची याची मर्यादाच शास्त्र घालून देतं. आमोसाच्या पुस्तकात मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, त्याच्यामागेही हाच पुराव्याचा रिवाज दिसतो.

हा नियम जसाच्या तसा आज चालतो. अर्धेलीनं शेळ्या पाळायला देण्याची पद्धत गावोगाव आहे. एकाची शेळी, दुसऱ्याची मेहनत, करडं निम्मी-निम्मी. शेळी मेली की संशय सुरू होतो: खरंच मेली की विकली? म्हणून पाळणाऱ्यानं शेळी आजारी पडताच मालकाला कळवावं. मेली तर पुरण्याआधी त्याला बोलवावं, तो लांब असेल तर कानातल्या बिल्ल्यासह मोबाइलवर फोटो काढून पाठवावा. मालकानं तो पुरावा बघितल्यावर विषय संपवावा, पोळ्यापर्यंत टोमणे मारत बसू नये. विमा उतरवलेल्या जनावरांचे बिल्ले या कानातून त्या कानात जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. विमा कंपनीला फसवलं तर कोणाचं नुकसान होतं, असं विचारणारे आपल्यातही आहेत. दोन म्हशी खरोखर मेलेल्या शेजाऱ्याचा दावा त्यामुळेच वर्षभर रखडतो.

याकोबाची गोष्ट सांगताना एक धोका असतो, तो मला आमच्या मंडळ्यांत फार दिसतो. गड्यानं इमानानं राबावं, कुरकुरू नये, देव बघतोय, असा धडा त्यातून काढला जातो, आणि काढणारा बहुधा जमीनवाला असतो. याकोब कुरकुरला. तो बायकामुलं, मेंढरं घेऊन निघून गेला, आणि लाबानानं पाठलाग करून गाठलं तेव्हा त्याला तोंडावर वीस सालांचा हिशेब ऐकवला. निघाला तोही चोरून, निरोप न घेता. राहेलनं तर बापाच्या घरातल्या मूर्ती उचलल्या. शास्त्र या कुटुंबाला कुठंही धुऊनपुसून दाखवत नाही. पण देवानं स्वप्नात जाऊन ताकीद दिली ती लाबानाला, हे विसरू नये. विश्वासूपणाची मागणी आधी त्याच्याकडे करायची, ज्याच्याकडे किल्ली आहे. लूकमधला दाखला तेच सांगतो.

तेव्हा साल ठरवताना काय करायचं? बोलणं कागदावर उतरवा, दोन प्रती करा, दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. आजारपणात किती दिवस खाडा चालेल, लेकीच्या लग्नाला किती सुटी, हेही त्यात लिहा. वर्षभर गडी वेळोवेळी उचल घेतो. ती प्रत्येक वेळी तारखेसह दोन्ही वह्यांत चढवा. नुसत्या मालकाच्या वहीत असलेली उचल पाडव्यापर्यंत वाढत जाते, हा गावाचा अनुभव आहे. गड्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला वही वाचून दाखवायला लावा. पोराला बापाचा हिशेब कळेल, आणि मालकालाही आकडा लिहिताना कोणीतरी वाचणार आहे याची आठवण राहील.

ऊसतोडीचं तंत्र निराळं आहे. कारखान्याकडून पैसे मुकादमाकडे, मुकादमाकडून उचल कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचल घेतो आणि हिशेब करतो तो नवरा. दोघांकडून उचल घेऊन तिसऱ्याच मुकादमाबरोबर निघून जाणारे मजूर आहेत, आणि हंगाम संपला तरी तोडलेल्या टनांचा हिशेब न दाखवणारे मुकादमही आहेत. दोन्ही ठिकाणी शब्द मोडला जातो. तरी मजुराचा शब्द मोडला तर त्याला गाडीत घालून परत आणतात. मुकादमाचा मोडला तर विचारणारं कोणी नसतं. ख्रिस्ती मुकादमांना माझं सांगणं इतकंच आहे: दर पंधरवड्याला टोळीपुढे वही उघडा, किती टन गेला आणि किती उचल फिटली ते मोठ्यानं वाचा, आणि वाचताना बायकांना चुलीपाशी पाठवू नका. निम्मा ऊस त्यांनी तोडलेला आणि डोक्यावरून वाहिलेला असतो.

मजुरी कधी द्यायची, याला शास्त्रात फाटा फुटत नाही. लेवीय एकोणीस: मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याकडे राहू नये. अनुवाद चोवीस: सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. नव्या करारात याकोबाचं पत्र तर म्हणतं, की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर पिढ्यान् पिढ्या उपदेश झाले: शेवटचे पहिले, पहिले शेवटचे. त्यातला मालक पैसे त्याच संध्याकाळी वाटून मोकळा होतो, हे त्या उपदेशांत सहसा येत नाही. आणि कोणी कामावर लावलं नाही म्हणून दिवसभर नाक्यावर ताटकळलेल्यांकडे तो स्वतः चालत जातो, एकदा नाही, पाच वेळा.

आपल्याकडे खुरपणी-वेचणीची मजुरी बहुधा आठवड्यानं, बाजाराच्या दिवशी देतात. ती पद्धत वाईट नाही, पण वेळ बघा. बाजार सकाळी भरतो. मालक दुपारी झोप काढून, मोंढ्यातून येऊन, संध्याकाळी दिवेलागणीला पैसे मोजतो. तोवर पालं उठलेली असतात आणि बाईला आठवड्याचं तेल-मीठ गावातल्या दुकानातून चढ्या भावानं, नाहीतर उधार घ्यावं लागतं. रुपया पूर्ण मिळाला, पण त्यातले काही आणे मालकाच्या झोपेत गेले. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे द्या. सुटे आधी काढून ठेवा, सुटे नाहीत म्हणून दोन बायकांना एक नोट देऊन आपसांत वाटून घ्या म्हणू नका. फोनवर पैसे पाठवत असाल तर ज्या बाईनं काम केलं तिच्या खात्यावर पाठवा, नवऱ्याच्या नको. रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेणारा आपला माणूस असेल, तर न आलेल्याचं नाव मस्टरवर चढवण्याला मदत म्हणू नये.

जाता जाता पाळकांविषयी. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हा अनुवादातला नियम पौलानं करिंथकरांना लिहिताना शुभवार्ता सांगणाऱ्यांना लावला, आणि तीमथ्याला लिहिताना पुन्हा. खेड्यातल्या कितीतरी मंडळ्यांत पाळकाचं मानधन चार-चार महिने थकतं आणि त्याला विश्वासानं चालायला सांगितलं जातं. त्याच मंडळ्यांत भिंतीला नव्या टाइल्स बसतात.

बैलाचा नियम पौलानं माणसाला लावला तरी तो बैलाचाही आहेच. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातला विसाव्याचा दिवस बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका मजूर या सगळ्यांनी दम घ्यावा म्हणून दिलेला आहे. बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. जू घासून आलेल्या खांद्यावर हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा जू ठेवणं म्हणजे उपचार नव्हे. खांदा सुजला की बैल सोडा, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, खेप बुडू द्या. शत्रूचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला टाळून पुढे जाऊ नये, असंही त्याच अध्यायात आहे. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याची गाय रात्री आपल्या कडवळात शिरली, तर तिला कोंडवाड्यात घालायची की दाव्याला धरून त्याच्या गोठ्यात नेऊन बांधायची, हा प्रश्न गावात वर्षातून एकदा तरी येतोच. नेऊन बांधा. नुकसानीचं दुसऱ्या दिवशी बोला. जनावरानं दुसऱ्याचं शेत खाल्लं तर मालकानं आपल्या शेतातल्या उत्तम मालातून भरून द्यावं, असा नियम आहेच. तुमचं जनावर शिरलं तर तो तुम्हालाही लागू.

रूथची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, सासू-सुनेच्या मायेपायी. मला त्यातला बवाज महत्त्वाचा वाटतो, कारण तो शेतमालक म्हणून काय करतो ते सविस्तर दिलं आहे. जवाच्या कापणीला तो शेतावर येतो तेव्हा आधी मजुरांना नमस्कार करतो. परक्या देशातली एक विधवा सरवा वेचतेय हे कळल्यावर तो गड्यांना बजावतो की तिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी तिनं प्यावं. दुपारी तिला आपल्याबरोबर जेवायला बसवतो. आणि पेंढ्यांतून काही कणसं मुद्दाम गळू द्या, तिला धमकावू नका, असं सांगून ठेवतो. रूथला संध्याकाळी झोडून जवळजवळ एक एफा जव मिळाले, म्हणजे सुमारे वीस-बावीस लिटरच्या मापाचे.

यातली प्रत्येक गोष्ट उद्या सकाळी करता येण्यासारखी आहे. दहा-बारा बायका खुरपायला बोलावता तेव्हा पाण्याचा हंडा सावलीत, पेल्यासह ठेवा. पेला कोणासाठी वेगळा ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. आडोशाची सोय करा; बायका दिवसभर पाणी न पिता काम करतात ते त्यापायी. मुकादम किंवा तुमचा मुलगा त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो हे ऐका. एखादीनं तक्रार केली तर दुसऱ्या दिवसापासून तिलाच कामावर न बोलावणं ही आपल्याकडची ठरलेली रीत आहे. बवाजानं गड्यांना आधीच ताकीद दिली होती, तक्रारीची वाट पाहिली नव्हती.

सरव्याचं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. हार्वेस्टर फिरला की गव्हाच्या रानात वेचण्यासारखं फार उरत नाही. तरी भुईमूग, बटाटा, कांदा काढल्यावर, कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर पुष्कळ राहतं. शेवटची गाडी गेल्यावर दोन-तीन दिवस तरी रानात जनावरं सोडू नका, रोटाव्हेटर घालू नका, आणि वेचायला या असं आपण होऊन सांगा. न सांगता आलेल्या बाईला चोर ठरवायला वेळ लागत नाही. जिथं यंत्रानं सगळं उचललं तिथं लेवीयातल्या शेताच्या कोपऱ्याचा नियम पाळता येतो. एक सरी ठरवून सोडा, किंवा तेवढं धान्य मापून द्या. दान म्हणून देऊ नका. तिथं मूळ हुकूमच असा आहे की कोपरा तुम्ही कापायचाच नाही, तो गरीब आणि परक्यांसाठी राहू द्यायचा.

मापाचं पाप आता वेगळ्या जागी गेलंय. पिशवीत दोन वजनं ठेवू नयेत, असं अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आमोस लहान एफा करणाऱ्यांना आणि गव्हात भूस मिसळून विकणाऱ्यांना झोडपतो. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला. कांद्याच्या गोणीत वर मोठा माल आणि खाली चिंगळी भरली तर काटा काही बोलत नाही. व्यापाऱ्यानं वक्कल फोडून बघितली की भाव पडतो, आणि पुढच्या वेळी त्या गावाच्या सगळ्याच मालावर पडतो. व्यापाऱ्यांचं बोट काट्यावर असतं, तोलाई-हमालीच्या नावाखाली वाटेल ते कापतात, ही तक्रार खरी आहे. त्याचं उत्तर पट्टी तपासून आणि चारचौघांनी मिळून बाजार समितीत विचारून द्यावं. गोणीच्या तळातून देऊ नये.

दुधाचं आणि भाजीचं मात्र फारच नाजूक आहे, कारण इथं खाणाऱ्याला कधीच कळत नाही. गाईला दगडी झाली, डॉक्टरनं कासेत ट्यूब सोडली आणि अमुक दिवस दूध घालू नका म्हणून सांगितलं. ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये गेलं तर फॅट तेवढीच लागते, डिग्री तेवढीच लागते. ते कुठल्यातरी शहरातल्या बाळाच्या बाटलीत जातं. त्या दिवसांचा तोटा लहान गोठ्याला जड जातो हे मान्य आहे. म्हणून डॉक्टरला औषध देण्याआधीच विचारा की दूध किती दिवस बंद ठेवावं लागेल. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा, म्हणजे सकाळी धार काढणाऱ्या सुनेलाही कळेल. फवारणीचंही तसंच. औषधाच्या डब्यावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते छापलेलं असतं. भाव चढला की ते दिवस कमी होतात. घरच्यासाठी एक वाफा बिनफवारणीचा ठेवणारे शेतकरी मी पाहिलेत. हा वाफा बघितला की त्या घरच्या विश्वासूपणाविषयी निराळी चौकशी करायची गरज उरत नाही.

रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. त्यांना सापाची, थंडीची सोबत पुरेशी आहे. सामाईक विहिरीवर पाळी ठरलेली असेल तर मोटार वेळेवर बंद करा, एवढंच. भावाच्या पाळीतली अर्धी रात्र आपल्या उसाला गेली, तर सकाळी ते डोळ्यांना दिसत नाही, पाणी मात्र तळाला गेलेलं असतं.

एकेकट्यानं पाळायच्या या गोष्टी झाल्या. सगळ्या गावानं मिळून शब्द पाळायचा असतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. स्वित्झर्लंडमधून आलेल्या फादर हर्मन बाखर या येशूसंघीय धर्मगुरूंनी अनेक वर्षं अहिल्यानगर भागात पाणलोटाचं काम केलं. १९९३ साली त्यातून ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. त्या कामात गावाला अटी होत्या: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. डोंगरावर चर खणणं सोपं, ते आठ दिवसांत दिसतं. चराईबंदी पाळायची ती वर्षानुवर्षं, आणि डोंगराला कुंपण नसतं. पहाटे चार शेळ्या कोणी वर सोडल्या तर बघणारं कोणी नाही. तिथं एक अडचणही आहे, ती लपवू नये. चराईबंदीचा भार सर्वांत आधी मेंढपाळांवर आणि भूमिहीन शेळीवाल्यांवर पडतो, आणि वाढलेलं पाणी आधी विहीरवाल्याला मिळतं. म्हणून गावानं असा ठराव करताना ज्याच्या शेळ्या आहेत त्याला पहिल्यांदा बोलू द्यावं. डोंगरावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्याला लिहून द्यावा. मगच त्याच्याकडून शब्दाची अपेक्षा धरावी.

जामखेडचं उदाहरणही याच मातीतलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० साली तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचा कणा होत्या गावोगावच्या आरोग्य सेविका, पुष्कळशा अक्षरओळख नसलेल्या. प्रशिक्षणाला यायचं, शिकलेलं लक्षात ठेवायचं, गावात घरोघर जायचं, बाळंतपणं बघायची, पोरांची वजनं घ्यायची, आणि पुन्हा प्रशिक्षणाला. या कामात चमत्कार कुठंच नाही. उन्हाळ्यात, पावसात, घरचं सगळं आवरून पुन्हा तीच घरं चालायची. तुमच्या गावातल्या आशाताई आज हेच करतात. त्या मंडळीतल्या असोत नसोत, त्यांची वही भरायला, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करायला मंडळीतल्या तरुणांनी मदत करावी. तरुण संघाला काय काम द्यावं म्हणून पाळक विचारतात. हे काम तयार आहे.

पुढची गोष्ट कापणीच्या सणाची. वसईपासून मराठवाड्यापर्यंत पहिल्या पिकाचा सण निरनिराळ्या दिवशी होतो. मुंबई-ठाण्याकडचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरमध्ये आगेरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या वेदीपुढे आणतात. आमच्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांत ज्वारी, बाजरी, अंडी, कोंबड्या, भोपळे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एक भोपळा तीनदा विकला जातो, हशा होतो, पैसे मंडळीच्या फंडात जातात. सण छान आहे. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंय की वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जावं. पाळकांनी सणाच्या दोन रविवार आधी जाहीर करावं, की ज्याच्याकडे मजुरी थकली आहे, उसनं माप परत गेलेलं नाही, गड्याचा किंवा कोयत्याचा हिशेब बाकी आहे, त्यानं या पंधरवड्यात तो फेडावा आणि मग पोतं आणावं. आधी मंडळीनं स्वतःची वही उघडावी: पाळकाचं मानधन, झाडणाऱ्या बाईचा पगार, गेल्या वर्षी लिलावात बोली बोलून कोणी दिले नाहीत ते पैसे. बोली बोलून न देणाऱ्यांची नावं बहुतेक मंडळ्यांत सगळ्यांना माहीत असतात. ती फळ्यावर लिहू नयेत. खजिनदारानं सणाआधी त्यांच्या घरी जाऊन यावं, चहा घ्यावा आणि पावतीपुस्तक बरोबर न्यावं.